निळी गाडी, रुपेरी गाडी आणि तुळजाजीराव

गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्याच्या फाटकापाशी सकाळी पावणेनऊला एक गंमत बघायला मिळायची. मालकांची अँबॅसॅडर यायची, वॉचमन सलाम ठोकायला हात वर करायचा आणि गाडी फाटकात न शिरता सरळ पुढे निघून जायची. वसाहतीला एक चक्कर मारून पाच-सात मिनिटांनी परत यायची. कधी पुन्हा तशीच पुढे जायची. एकदा तर चार चकरा झाल्या, आणि माल भरून उभ्या असलेल्या एका लॉरीवाल्याला वाटलं की ड्रायव्हरचं डोकं फिरलंय. नव्या माणसाला आम्ही समजावून सांगायचो की मालक मागे झोपलेत, आणि ते आपण होऊन जागे होत नाहीत तोवर तुळजाजीराव गाडी थांबवत नाहीत.

तुळजाजीराव म्हणजे मालकांचे ड्रायव्हर. दिसायला इतके साधे की वेस्ट मांबलमच्या बाजारात चार माणसांत उभे राहिले तर लक्षात राहू नयेत. सावळा रंग, कपाळाला गंध, पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि गाडीत बसताना काढून सीटखाली सारलेल्या चपला. बावीस वर्षं त्यांनी अनवाणी गाडी चालवली. पायाला पेडल कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याच इमारतीत खाली राहायचो, ते आणि त्यांच्या पत्नी धनलक्ष्मी वरच्या मजल्यावर. १९८४ साली मी सांगलीहून दोन वर्षांसाठी म्हणून मद्रासला आलो, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायला बसलो, आणि तिथलाच होऊन गेलो. परमुलखात मराठी कानावर पडावी म्हणून संध्याकाळी वर जाऊन बसायचो. मराठी ऐकायला मिळाली, पण तंजावरची. तीनशे वर्षांपूर्वी घर सोडलेली आणि तमिळच्या शेजारी संसार थाटलेली. पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवत होतो.

मालक शहाजीराव हेही तंजावरचेच. हळू बोलणारा, कागदावर सही करतानाही पेन दुखेल की काय अशा बेतानं धरणारा माणूस. तरुणपणी हे शोळावरमला मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवायचे, असं कारखान्यातली जुनी माणसं सांगायची. शोळावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेला, युद्धाच्या काळात बांधलेली एक विमानांची धावपट्टी. पुढं तिथं दरवर्षी शर्यती भरायच्या. मला हे ऐकून हसू यायचं. पण खरं होतं. १९७४ साली त्यांचे वडील वारले, कारखाना ह्यांच्या गळ्यात पडला, आणि आईनं सांगितलं की घरच्या कर्त्या माणसानं स्वतः गाडी हाकायची नाही, मागं बसायचं. ते मागं बसले. त्याच महिन्यात तुळजाजीरावांना नोकरी लागली.

ब्याण्णव साली मालकांच्या पत्नी गेल्या आणि त्यांची झोपच उडाली. रात्र रात्र बसून काढायचे. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, कुणी सांगितलेली तेलं झाली, काही उपयोग नाही. झोप लागायची ती फक्त गाडीत. सकाळी किलपॉकच्या घरून निघाले की माधवरमच्या पुढं मान कलायची ती कारखाना येईपर्यंत. डॉक्टरांनी हात टेकले तिथं अँबॅसॅडरनं गुण दिला, असं सगळे म्हणायचे. मी म्हणायचो अँबॅसॅडरनं नव्हे. कारण तुळजाजीराव तापानं आजारी होते तेव्हा दुसऱ्या ड्रायव्हरनं तीच गाडी त्याच रस्त्यानं नेली, आणि मालक चार दिवस तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिसात आले.

सोमवारी नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन जायच्या असल्यामुळे मला त्या गाडीत पुढची जागा मिळायची. त्यामुळे मी जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जीएनटी रोड म्हणजे तेव्हा कलकत्त्याला जाणाऱ्या लॉऱ्यांचा रस्ता. दोन गाड्या कशाबशा शेजारून जातील एवढी रुंदी, मध्येच बैलगाडी, मध्येच वाळत घातलेलं धान्य. त्या रस्त्यावर हा माणूस हॉर्न वाजवत नसे. पुढच्या लॉरीच्या मागच्या चाकांकडे बघून त्यांना कळायचं की तो आता बाजूला होणार की नाही. ब्रेक लावला की गाडी थांबायच्या जरासं आधी पाय हलका सोडायचे, त्यामुळे थांबताना जो हिसका बसतो तो बसतच नसे. मी एकदा विचारलं, हे कुणी शिकवलं. म्हणाले, मागं निजलेल्या माणसानं. मी थक्क झालो. यंत्रं मी रोज कागदावर काढायचो, पण यंत्राशी इतक्या मायेनं वागणारा माणूस मी पाहिला नव्हता.

पंच्याण्णव संपता संपता अँबॅसॅडर थकली. इंजिन दोनदा उघडून झालं, आणि मालकांच्या थोरल्या बहिणीनं, सईबाईंनी, नवी गाडी घ्यायचं काढलं. भावाचं घर त्याच बघत होत्या, आणि त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. तेव्हा बाहेर देशाहून परतणारे लोक आपल्या गाड्या घेऊन यायचे आणि पुढं विकायचे. एका दलालानं अशा दोन जर्मन गाड्या दाखवायला आणल्या. एक रुपेरी, एक निळी. कंपन्यांची नावं सांगत नाही. नावं सांगितली की लोक गाडीबद्दल भांडत बसतात आणि माणूस राहून जातो.

दलाल तोंडाचा वाचाळ होता. रुपेरी गाडी मागच्या सीटवर बसणाऱ्यासाठी केलेली आहे, म्हणाला. आणि ही निळी चालवणाऱ्यासाठी. ही घेणारे लोक ड्रायव्हर ठेवत नाहीत, ड्रायव्हर ठेवून ही घेणं म्हणजे आपल्या ताटातला घास दुसऱ्याला चावायला देणं, असं म्हणून तो स्वतःच हसला. तुळजाजीराव त्याच्या कोपराला लागून उभे होते. ते हसले नाहीत. मालकांनी निळीच्या खिडकीतून एकदा आत पाहिलं आणि मागे सरले.

त्या एका वाक्यानं वेस्ट मांबलमला वरच्या मजल्यावर काळजी शिरली. तुळजाजीराव तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. उभ्या आयुष्यात एकाच मालकाची एकच गाडी चालवलेली. मद्रासमध्ये कोवळ्या पोरांना पटापट लायसन मिळत होतं, आणि सगळी मारुती पळवणारी. ह्या वयाच्या माणसाला कोण ठेवणार, असं धनलक्ष्मी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या. मी त्यांना धीर दिला. मालक झोपेसाठी गाडी घेताहेत, झोप मागच्या सीटवर लागते, आणि मागच्या सीटची गाडी रुपेरी आहे, हे मी त्यांना गणितासारखं सोडवून दाखवलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला.

मालकांनी ठरवलं की पोंगलनंतरच्या रविवारी दोन्ही गाड्या रोजच्याच रस्त्यावर न्यायच्या. जाताना रुपेरी, येताना निळी. दलालाचा माणूस निळी आधीच कारखान्यात नेऊन ठेवणार होता. मला सांगितलं, विद्याधर, तुम्ही तक्ता करा. आणि तुळजाजीरावांना सांगितलं, तुम्ही सांगाल ती गाडी घेऊ. हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, पण बावीस वर्षांचा हिशोब त्यात होता. मी तक्त्यात तीन रकाने पाडले: रूप, आराम आणि हाताळणी. ड्राफ्ट्समन माणूस मी. मोजपट्टी हातात असली की जगातल्या कशालाही दहापैकी गुण देता येतात, अशी तेव्हा माझी समजूत होती.

रविवारी सकाळी किलपॉकच्या अंगणात रुपेरी गाडी उभी होती. लांब, शांत, कुठंही घाई नसलेली. तिच्या अंगावरून नजर फिरवली तर ती कुठं अडत नव्हती, पुढच्या जाळीपासून मागच्या दिव्यापर्यंत एकच रेघ. मी रूपाला नऊ गुण लिहिले. तुळजाजीरावांनी गाडी बघितली ती निराळ्या रीतीनं. चपला काढल्या, आधी मागं जाऊन बसले, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, डोळे मिटून. मग उतरले आणि सीटची जमिनीपासूनची उंची वितीनं मोजली. कशासाठी, म्हणून मी विचारलं. सईबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या नऊवारी नेसतात, एवढंच म्हणाले. स्टिअरिंगच्या जागी ते सगळ्यात शेवटी बसले.

दार लागलं, पण लागल्याचा आवाज आला नाही. बाहेरचा आवाज तेवढा बंद झाला. त्या शांततेनं मी दबून गेलो, हे कबूल करतो. पुरसवाक्कमच्या बाजारातून आम्ही निघालो आणि रिक्षांचे भोंगे, देवळाचा लाउडस्पीकर, सगळं कुठल्या तरी दुसऱ्या गावात चाललंय असं वाटायला लागलं. पुढं रस्त्यावरचे खड्डे मला तोंडपाठ होते. एकेक खड्डा येताना दिसायचा, मी अंग आवळून धरायचो, आणि खड्डा येतच नसे. गाडी त्याच्यावरून गेलेली असायची. माणसानं असं काही बनवावं आणि ते आपल्या बुडाखाली यावं, ह्याचं मला नवल वाटत राहिलं. पुऴलचा तलाव दिसायच्या आत मागून मंद घोरणं सुरू झालं. अँबॅसॅडरमध्ये यापेक्षा बराच वेळ लागायचा. मी आरामाच्या रकान्यात दहा लिहून खाली रेघ मारली, आणि तुळजाजीरावांकडे बघून डोळा घातला. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. हाताळणीबद्दल विचारलं तर हळूच म्हणाले, चांगली आहे, आपलं आपण सगळं करते, मला फार काम ठेवत नाही. मी आठ लिहिले. रविवार असूनही वसाहतीला दोन चकरा झाल्या, मग मालक जागे झाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवत म्हणाले, छान झोप झाली.

परतीला निळी. उभी असताना ती मला काही विशेष वाटली नाही. रुपेरीहून बुटकी, शेपूट आखूड, पुढची चाकं अगदी नाकाशी. चपला काढून पळायला उभ्या राहिलेल्या माणसासारखी. मी सात गुण दिले. मागची सीट घट्ट, दोन्ही बाजूंनी आवळणारी. हिसका बसत नव्हता, पण खालचा रस्ता कसा आहे ते मणक्याला कळत होतं. आरामाला सात, तेही उदार मनानं. रुपेरी निवडली गेल्यात जमा होती आणि मी मनातल्या मनात धनलक्ष्मींना ती बातमी सांगतही होतो. मी ह्या वेळी मागं मालकांच्या शेजारी बसलो होतो.

कवरैपेट्टैच्या पुढं एक बस दुसऱ्या बसला ओलांडत सरळ आमच्या अंगावर आली. असं त्या रस्त्यावर रोज व्हायचं. अँबॅसॅडर असती तर तुळजाजीरावांनी तिला आधीपासून समजावत, गोंजारत डावीकडे घेतली असती. इथं त्यांनी मनगट हलवलं, आणि गाडी कडेला गेली आणि परत मध्ये आली. झुकली नाही, डुलली नाही, नंतर साधा हेलकावाही उरला नाही. सांगणं आणि होणं ह्यांच्यात वेळच गेला नाही. तुळजाजीरावांच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. त्यांना गाडी चालवताना हसलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग ते गियर बदलायला लागले, कारण असो नसो, वर, खाली, पुन्हा वर, आणि कारणोडैचा पूल येईपर्यंतची सगळी वळणं त्यांनी अशी घेतली की मी पेन खिशात ठेवून दिलं. छप्पन्न वर्षांच्या ह्या माणसाच्या हातात इतकं काही होतं, आणि बावीस वर्षं ते वापरायची वेळच आली नव्हती.

तेवढ्यात मला जाणवलं की शेजारी घोरण्याचा आवाज नाही. मालक झोपले नव्हते. ते सीटच्या टोकाशी येऊन बसले होते, दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर, आणि डोळे अगदी लख्ख उघडे. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय जरासा हलत होता. शोळावरमचा फाटा आला तेव्हा ते म्हणाले, "तुळजाजी, थांबवा."

गाडी कडेला थांबली. मालक उतरले, मागचं दार पुन्हा उघडून त्यांनी पायांतले बूट काढले आणि माझ्या पायाशी ठेवले. मग पुढं गेले. तुळजाजीरावांनी काही न विचारता जागा सोडली आणि डाव्या बाजूला जाऊन बसले. दोन मिनिटं मालक नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, ते उतरतील. ते उतरले नाहीत.

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन मला नीट जमणार नाही. फार वेग होता असं नाही. लॉऱ्या होत्या, सायकली होत्या, मालकांनी कुणाला घाबरवलं नाही. पण पेन दुखेल अशा बेतानं धरणारा हाच तो माणूस, ह्यावर माझा विश्वास बसेना. वळण यायच्या कितीतरी आधी त्यांनी ते मनात घेतलेलं असायचं. गाडी वळणात शिरायची ती बाहेर पडायची वाट ठरवूनच. एकही हालचाल फुकट नाही, एकही हालचाल दुरुस्त करावी लागत नाही. तुळजाजीराव उत्तम चालवायचे, त्यांच्या चालवण्यात माया होती. हे काही वेगळंच होतं. मी सीटला घट्ट धरून बसलो होतो. उलट कारणोडैच्या पुलापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो, आणि ते तसेच किलपॉकपर्यंत चालवत आले. सबंध वेळ तुळजाजीराव रस्त्याकडे बघत नव्हते. ते मालकांच्या हातांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसेल असं वाटलं होतं. पण तसे एकटक तर ते देवळातसुद्धा बघत नसत.

सईबाई ओसरीवर उभ्या होत्या. भाऊ मोज्यांवर, ड्रायव्हरच्या जागेवरून उतरताना बघून त्यांचा चेहरा उतरला. मालक आत गेल्यावर त्यांनी तुळजाजीरावांना जवळ बोलावलं. मी तक्त्याचा कागद शोधण्याच्या निमित्तानं तिथंच रेंगाळलो.

"तो तूं सांगशील तेंच ऐकेल," त्या म्हणाल्या. "झोप मिळाली नाहीं तर प्रकृती ढासळेल, असं डॉक्टर म्हणाले तें तूं ऐकलास. रुपेरी सांग. त्याला झोप मिळेल, तुझी जागा राहील. दोघांचंही बरं होईल."

तुळजाजीराव नुसते "सेरि, अक्का" म्हणाले. तमिळमध्ये सेरि म्हणजे बरं. पण होकाराला आणि ऐकून घेतल्याला मद्रासमध्ये हा एकच शब्द चालतो, त्यामुळे सईबाईंचं समाधान झालं.

संध्याकाळी मी बेरीज केली. रुपेरी सत्तावीस. निळीला हाताळणीचे दहापैकी दहा देऊनही चोवीसच झाले. कागद घेऊन मी वर गेलो आणि धनलक्ष्मींसमोर ठेवला. त्यांनी कॉफी दिली आणि म्हणाल्या, कागदच सांगतोय तर आता विचार कसला करायचा. तुळजाजीराव दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करत होते. त्यांनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला.

"विद्याधर सार, गाड्यांना गुण दिलां," ते म्हणाले. "रावांना किती दिलां?"

मी म्हटलं, मालक काही विकायला काढलेले नाहीत. ते हसले आणि इस्त्रीकडे वळले. मग मी जरा चिडून बोललो. तुम्ही फार विचार करताय, म्हटलं. रुपेरी म्हणजे मालकांना झोप, अक्कांना आराम, तुम्हाला नोकरी आणि मला सोमवारी ऐटीत जाणं. निळी म्हणजे तुम्ही घरी. ह्यात अवघड काय आहे? त्यांनी शर्टाची दुसरी बाही इस्त्रीखाली घेतली. धनलक्ष्मी नवऱ्याच्या पाठीकडे ज्या नजरेनं बघत होत्या, त्यावरून मला कळलं की त्यांना उत्तर माझ्याआधी कळलेलं आहे.

सोमवारी नेहमीसारखी अँबॅसॅडर निघाली. मी पुढं, मांडीवर गुंडाळ्या. माधवरम यायच्या थोडं आधी मागून मालकांनी विचारलं, "तुळजाजी, सांगा. कुठली?"

"निळी."

मी तुळजाजीरावांकडे मान वळवली. त्यांनी आरशात बघितलं नाही.

"आणि ती तुम्ही चालवायची, राव. मी नाहीं."

एक लॉरी मागं गेली, मग दुसरी. मालकांचा आवाज आला तो इतका हळू की मलाही कान द्यावा लागला. "मग तुमचं काय?"

"तुम्ही गाडीचं विचारलां. मी गाडीचं सांगितलों."

त्या दिवशी मालक झोपले नाहीत. गाडी पावणेनऊला आली आणि सरळ फाटकात शिरली. वॉचमनचा हात सलामासाठी वर जायला उशीर झाला.

निळी आली. मालक ती स्वतः चालवत कारखान्यात यायला लागले, आणि महिन्याभरात त्यांच्या बोलण्यातला तो पेन दुखेल असा हळूपणा जाऊन ते चक्क ओरडायलाही लागले. आम्हाला त्याचा ताप झाला, पण कारखान्याचं भलं झालं. तुळजाजीरावांना त्यांनी अँबॅसॅडर सईबाईंसाठी ठेवतो, तुम्ही ती चालवा, असं सांगितलं. सईबाईंनी त्या माणसाच्या गाडीत बसायला साफ नकार दिला. मग कारखान्यात लॉऱ्यांच्या नोंदी ठेवायची खुर्ची देऊ केली. ती तुळजाजीरावांनी नाकारली. टेबलाला चाकं नसतात, म्हणाले. आणि बावीस वर्षांची नोकरी त्यांनी एका शनिवारी, गाडी धुऊन, किल्ली सईबाईंच्या हातात न देता ओसरीवर ठेवून संपवली.

सहा महिने त्यांना काम मिळालं नाही. धनलक्ष्मी घरी वडे, मुरुक्कू तळून दुकानांत देऊ लागल्या. तेव्हा मी मनातून मालकांवर चिडलो होतो आणि त्याहून जास्त तुळजाजीरावांवर. शेवटी अशोकनगरच्या एका शाळेची मुलं ने-आण करणारी मेटाडोर त्यांना मिळाली. बावीस पोरं, सगळी एकाच वेळी बोलणारी, आणि प्रत्येक घरापुढं हॉर्न वाजवायचा. मला ते बघवत नसे.

त्या वर्षीच्या दिवाळीला सईबाईंकडून माझ्या हाती पितळेचा एक डबा आला. वर नेऊन द्या म्हणाल्या. आत काय आहे विचारलं तर नुसत्या करंज्या. मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, अलीकडे रात्री दहाला झोपतो तो, सकाळी हाक मारून उठवावं लागतं. एवढं सांगून आत निघून गेल्या. मी जिने दोन-दोन चढत वर गेलो आणि ही बातमी सांगितली. धनलक्ष्मींनी डोळ्यांना पदर लावला. तुळजाजीरावांनी एक करंजी खाल्ली.

मला वाटलं होतं, आता तरी त्यांना बरं वाटेल. म्हणून एका दुपारी, मुलं सोडून मेटाडोर रिकामी झाल्यावर, मांबलम स्टेशनपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून गेलो आणि मनात होतं ते बोललो. म्हटलं, तुळजाजीराव, तुम्ही देवमाणूस आहात. स्वतःच्या पोटावर पाय देऊन मालकांना उभं केलंत. असं करणारा दुसरा मी पाहिला नाही.

त्यांनी गाडी स्टेशनच्या बाहेर कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बराच वेळ ते स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"देव बीव म्हणूं नका, सार," ते म्हणाले. "तुम्हांला एक ठाऊक नाहीं. शोळावरमजवळ रस्ता चांगला आहे. तिथं खड्डा नाहीं, वळण नाहीं. हळू घ्यायचं कारणच नाहीं. तरी मी चार वर्षं, रोज, तिथं हळू घेतलों. वेग घेतलों तर राव जागे होतील, बाहेर बघतील, आणि एक दिवस म्हणतील, तुळजाजी, सरका. मज त्याची भीती होती. तुम्ही सगळे म्हणत होतां, काय जपून चालवितो, काय माया आहे. होती माया. पण अर्धी त्यांच्यासाठी होती, अर्धी ह्या जागेसाठी." त्यांनी आपल्या सीटवर हात ठेवला. "त्या दिवशी निळ्या गाडीत त्यांचे हात बघितलों. तेव्हां मज कळलं, मी चार वर्षं रोज कुणाला निजवीत होतों."